स्टीव्ह ब्लूमर : गोलांच्या हिशेबापलीकडे

२३ सामने आणि २८ गोल. १८९५ ते १९०७ या काळात स्टीव्ह ब्लूमरने इंग्लंडच्या संघासाठी मांडून ठेवलेला हा हिशेब आजच्या वाचकालाही चकित करतो. पहिल्या सलग दहा आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो गोल केल्यावाचून परतला नाही. १८९६ मध्ये वेल्सविरुद्ध तर त्याने एकट्याने पाच गोल केले. इंग्लिश लीगमधले त्याचे गोल ३५२. पण या आकड्यांमागच्या माणसाला खेळाने काय दिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ब्लूमरचा जन्म १८७४ चा, क्रॅडली गावचा. लहानपणीच कुटुंब डर्बी या कारखान्यांच्या शहरात आले आणि शाळा सोडून पोरगा लोहारकामाला लागला. १८९२ मध्ये तो डर्बी काउंटीकडून पहिला सामना खेळला. अंगकाठी किरकोळ, चेहरा फिकट. त्यावरून त्याला ‘पेलफेस’ हे टोपणनावही पडले. ताकदीपेक्षा वेळ साधणे हे त्याचे खरे हत्यार. चेंडू आधी थांबवायचा, मग नेम धरायचा, अशी उसंत तो गोलरक्षकाला देतच नसे. दोन्ही पायांनी, पाय फारसा मागे न नेता, चेंडू जमिनीलगत जोरात मारायचा, ही त्याची रीत.

एवढे असूनही मोठे चषक त्याच्या हाती लागले नाहीत. १८९८ आणि १८९९ अशी सलग दोन वर्षे डर्बीचा संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात हरला. १९०३ मध्ये पुन्हा अंतिम फेरी आली, तेव्हा दुखापतीमुळे ब्लूमर मैदानाबाहेर होता आणि बरीने डर्बीचा ६-० असा धुव्वा उडवला.

पैशाची बाजू याहून बोलकी आहे. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. कुशल कारागिराच्या मजुरीपेक्षा ही रक्कम बरी होती. पण ती खेळता येईल तेवढीच वर्षे मिळायची. शिवाय क्लबच्या संमतीविना खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. १९०६ मध्ये डर्बीने आपला हा हुकमी खेळाडू ७५० पौंडांना मिडल्सब्रोला विकला. पुढच्याच हंगामात डर्बीची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. १९१० मध्ये ब्लूमर परत आला आणि १९१२ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन पुन्हा वर चढला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

चाळिशीत खेळ थांबला. गाठीला कसब होते, ते विकायला तो जुलै १९१४ मध्ये बर्लिनला गेला. ब्रिटानिया क्लबने त्याला प्रशिक्षक नेमले होते. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. रूलेबेनच्या रेसकोर्सवर जर्मनांनी हजारो ब्रिटिश नागरिकांना स्थानबद्ध केले होते. घोड्यांच्या पागेतल्या एकेका खणात सहा-सहा माणसे राहत. इंग्लंडकडून खेळलेले फ्रेड पेंटलंड आणि सॅम वोल्स्टनहोमही तिथेच होते. या बंदिवानांनी छावणीत स्वतःची फुटबॉल संघटना उभारली, सामने भरवले. ब्लूमर फुटबॉल खेळला आणि क्रिकेटही. जगण्याचे साधन होते तोच खेळ इथे दिवस ढकलण्याचा आधार झाला.

युद्धानंतर त्याने पुन्हा प्रशिक्षणाची वाट धरली. १९२४ मध्ये स्पेनच्या सीमेवरच्या इरुन गावातल्या रिआल युनिऑनने त्याच्या मार्गदर्शनाखाली रिआल माद्रिदला हरवून स्पेनचा राजचषक जिंकला. खेळाडू म्हणून हुकलेले यश असे पन्नाशीत, परक्या मुलखात गवसले. पुढे तो डर्बीला परतला, क्लबच्या मैदानावर पडेल ते काम करत राहिला आणि १९३८ मध्ये तिथेच वारला.

आज डर्बीच्या मैदानात त्याचा अर्धपुतळा आहे आणि घरच्या सामन्यांपूर्वी त्याच्या नावाचे गाणे वाजते. क्लबने त्याला विकले होते. गावाने मात्र त्याला कधी परके मानले नाही.