पाव फसला की आळ यीस्टवर

अंबरनाथच्या बुवापाड्यात राहून पाव घरी कशाला भाजायचा, हा प्रश्न रास्त आहे. नाक्यावरच्या दुकानात लादी मिळते. शेजारच्या उल्हासनगरात तर शिळा पावही वाया जात नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी सोबत आणलेल्या ‘सेयल’ या प्रकारात पावाचे तुकडे कोथिंबीर, लसूण, टोमॅटोच्या रश्शात शिजवतात आणि सकाळी नाश्त्याला खातात. तरीही हौशी माणूस एकदा तरी घरी पाव करून बघतो. लादी दगडासारखी निघाली की तो यीस्टला, मैद्याला किंवा घरात नसलेल्या ओव्हनला दोष देतो. बहुतेक वेळा हे तिघेही निर्दोष असतात.

‘यीस्ट म्हणजे केमिकल’ हा सगळ्यात जुना आळ. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड व थोडं अल्कोहोल सोडते. हे काम जिवंत पेशी करतात, हे लुई पाश्चरने १८५७च्या सुमारास दाखवून दिलं. यीस्ट हा प्राणी नाही, त्यामुळे ते मांसाहारी असण्याचाही प्रश्न येत नाही; पाकिटावर हिरवा ठिपकाच असतो. आंबवलेलं वर्ज्य मानणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तो त्यांच्या आचाराचा भाग आहे. ‘यीस्ट पोटात जाऊन फुगतं’ हेही खरं नाही. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं आणि भाजलेल्या पावाचा गाभा नव्वदच्या वर जातो. पाव खाऊन ज्यांचं पोट फुगतं त्यांनी गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या घटकावर संशय घ्यावा. पीठ चार-पाच तास निवांत आंबवलं तर यीस्ट त्यातलं बरंच फ्रुक्टान संपवतं. म्हणजे पोटाला त्रास देतो तो घाईघाईत केलेला पाव.

‘सोडा घातला तरी चालतं’ असंही सांगतात. सोड्याने नानकटाई होते, केक होतो. दही-सोड्याचा ‘झटपट पाव’ खाण्यालायक होतो, पण पिठाला ताण येत नाही, रेषा सुटत नाहीत, आणि मिसळीत बुडवला की भुगा. त्याला पाव म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता मुख्य गोष्ट. पाककृतींमध्ये ‘कोमट पाण्यात मळा, उबदार जागी एक तास ठेवा’ असं लिहिलेलं असतं. हा एक तास ज्या देशांतून आला, तिथे स्वयंपाकघर वीस-बावीस अंशांवर असतं. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर बोलायलाच नको. आठ-दहा अंश वाढले की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात पीठ अर्ध्या तासातच दुप्पट होतं, आणि घड्याळाकडे बघत बसलेल्या माणसाच्या नकळत उतरायलाही लागतं. मग लादी बसते, आंबूस दारूसारखा वास येतो, आणि निष्कर्ष निघतो: यीस्ट खराब होतं. पुढच्या वेळी चमचाभर जास्त घातलं जातं, आणि पाव आणखी बिघडतो.

जास्त यीस्टने पाव मऊ होत नाही. अर्धा किलो मैद्याला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड लहान चमचा कोरडं इन्स्टंट यीस्ट पुरतं. मे महिन्यात त्याच्या निम्मंही चालतं. पाणी तीनशे मिलिलिटरच्या आसपास, तेही उन्हाळ्यात माठातलं. टाकीतून नळाला येणारं दुपारचं पाणी मुळातच कोमट असतं, ते आणखी तापवून यीस्टला मरणाच्या काठावर न्यायची गरज नाही. मीठ यीस्टला मारतं हा गैरसमज त्याच जातीचा. मैद्याच्या दोन टक्क्यांपर्यंतचं मीठ यीस्टचा वेग फक्त कमी करतं, आणि उन्हाळ्यात तेच हवं असतं. मीठ टाळलं तर पाव सपक होतो आणि पीठही सैल पडतं. पीठ झालं का हे बोटाने पाहावं: ओलं बोट दाबल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला की भाजायला घ्यायचं. लगेच भरला तर थांबायचं, भरलाच नाही तर उशीर झाला.

‘ओव्हन नाही म्हणून पाव नाही’ असं म्हणणाऱ्यांनी वसईकडे बघावं. वसईचे ख्रिस्ती आणि मुंबईचे ईस्ट इंडियन समाजातले ख्रिस्ती सणा-लग्नाला फुगे करतात. पीठ पूर्वी ताडीने आंबवायचे, आता यीस्टने. हातातून गोळा पिळून थेट तेलात सोडायचा, की टम्म फुगा तयार. घरगुती, आंबवलेला, मराठी बोलणाऱ्या लोकांचा, आणि त्याला भट्टी लागत नाही. गोव्यातही पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेनेच पीठ आंबवत. म्हणजे यीस्ट पाकिटातून येण्याच्या आधीपासून कोकणपट्टीवर ते झाडावरून उतरत होतं. ‘हे आपलं नव्हेच’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायला नको.

लादीच हवी असेल तर जाड बुडाची कढई, आत तिवई, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं आधी तापवून मग मध्यम आचेवर पाऊण तासापर्यंत. पाव शिजतो, मऊ होतो, पण वरून तांबूस होत नाही, कारण आच खालून असते. तव्यावर लोणी सोडून वरची बाजू शेकून घ्यावी. भट्टीची चव यात येत नाही, हे कबूल. लाकडाच्या भट्ट्या तशाही जात आहेत. मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवा, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं.

मैद्याबद्दल थोडक्यात. तो आतड्याला चिकटत नाही. शिजलेला स्टार्च पाचकरसांनी विरघळतो. त्यात कोंडा नाही, म्हणून नुसता मैदा खाणाऱ्याला बद्धकोष्ठ होऊ शकतं, एवढंच. बाजारच्या पावात पूर्वी घातल्या जाणाऱ्या ब्रोमेटची भीती मात्र निराधार नव्हती. मे २०१६मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला बाजारातल्या ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं, आणि पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर देशभर बंदी आली. घरच्या पावात ते कुणी घालत नाही. कणकेचा पावही होतो. चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि कोंडा ताण तोडतो, म्हणून तो मैद्याइतका उंच जात नाही. निम्मी कणीक, निम्मा मैदा ही चांगली तडजोड.

शेवटचा गैरसमज फ्रिजचा. फ्रिजमध्ये पाव बुरशीपासून वाचतो, पण शिळा लवकर होतो; शून्य ते पाच अंशांत स्टार्च सर्वांत वेगाने घट्ट होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा शेका. घरच्या पावात प्रोपिओनेटसारखं टिकवणारं काही नसतं. जुलैच्या दमट हवेत तो बाहेर दोन दिवस टिकला तरी पुष्कळ. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट बघा: पाव तोडल्यावर आत चिकट तार सुटली आणि पिकल्या अननसासारखा गोड वास आला, तर ती बॅसिलस जीवाणूची करामत आहे. त्याचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत. असा पाव शेकून खायचा नाही, सेयलमध्येही घालायचा नाही. तो फेकून द्या आणि ओटा, परात, साचा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या.