बेशरमची मुळी

"काहून कापता बापा? थे कापल्यानं मरत नाई!"

तळ्याच्या पाळीवरून आवाज आला आणि विळे थांबले. गुडघाभर चिखलात उभी असलेली दहा-बारा मुलं मागे वळून बघू लागली. साठीच्या घरातली एक बाई लुगड्याचा ओचा खोचून पाळीच्या उतारावरून खाली येत होती. मुलांनी तासाभरात काठावरची बेशरमची झुडपं छान सपासप कापून काढली होती. ढिगारा दिसत होता, काम झाल्यासारखं वाटत होतं. बाई त्या ढिगाऱ्याकडे गेलीच नाही. ओल्या चिखलात इकडेतिकडे पडलेला एक वीतभर तुकडा तिनं उचलला, लुगड्याला पुसला आणि जवळच्या मुलीच्या तोंडासमोर धरला.

"हे पेर पाहा. ओल्यावर पडलं का यालेच मुरी फुटते. एक कापलं का दहा उगवते. विळा ठेवा तिकडं अन् कुदळ आना."

ती मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्राची. खोडाच्या तुकड्यापासून नवं झाड होतं, याला शाकीय प्रजनन म्हणतात, हे तिनं परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं. संध्याकाळी हात धुताना ती मला म्हणाली, "मॅडम, मला उत्तर येत होतं. तरी मीच कापत होते." तिच्या आवाजात खेद होता आणि काहीतरी सापडल्याचा आनंदही.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर चाललं होतं. मला तिसऱ्या दिवशीच्या बौद्धिकासाठी बोलावलं होतं. बोलून परतायचं ठरलं होतं, पण सकाळी तळ्यावर हा प्रसंग पाहिला आणि मी शिबिर संपेपर्यंत राहिले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं तळं या भागात गावोगाव आहे. कुठं मोठा तलाव, कुठं बोडी.

डिसेंबरातला गोंदिया म्हणजे हाडात शिरणारी थंडी. पारा कधीकधी एक आकडी होतो. पहाटे साडेपाचला शिट्टी, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर प्रार्थना, मग प्रभातफेरी, हातात झाडू घेऊन ग्रामसफाई, पोहे, आणि आठ ते बारा श्रमदान. मुलांच्या छातीवर योजनेचा बिल्ला. त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे, आठ आऱ्यांचं. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. सेवेला ठरावीक वेळ नसते, हा त्याचा अर्थ. योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत आणि 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक निवासी शिबिर, असा तिचा साधा हिशेब. हा हिशेब कागदावर पुरा होताना मी पाहिला आहे. स्वच्छ रस्त्यावर झाडू धरून उभी राहिलेली रांग, समोर बॅनर, फोटो, आणि मग झाडू पुन्हा गाडीत. अशा शिबिरांतून मुलं काहीच शिकत नाहीत असं नाही. कामाचं सोंग कसं करायचं ते शिकतात, आणि ते शिकलेलं पुढं आयुष्यभर पुसत नाही. म्हणूनच त्या बाईनं विळे थांबवले तेव्हा मला फार बरं वाटलं.

बेशरम उपटायची एक रीत आहे. मुलांना ती आत्मसात व्हायला दोन दिवस लागले. आधी झुडपाभोवतीचा चिखल कुदळीनं सैल करायचा, पण बुंध्याला घाव घालायचा नाही. मग एकानं खाली वाकून अगदी बुडाशी दोन्ही हातांनी पकड घ्यायची. वर धरलं तर पोकळ खोड मधेच मोडतं आणि मुळी आत राहते. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं. मुळी सुटायला लागली की चिखलातून एक लांबट, ओला आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की मगच जोर लावायचा. घाईनं हिसका दिला की माणूस पाठीवर पडतो आणि मुळी जागच्या जागी. निघालेलं झाड पाण्यात हलवून त्याची माती तळ्यातच सोडायची, भारा बांधायचा आणि पाळीपलीकडं, कोरड्या जमिनीवर, मुळ्या वर करून रचायचा. चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही. शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं असतं. वाकून, चिखलात बोटं फिरवून, पडलेले तुकडे वेचायचे. बोटाएवढा तुकडासुद्धा सोडायचा नाही.

"खरं काम चैत-वैशाखात," बाई म्हणाली. "तवा तलाव आटते, मुरी उघडी पडते. आता काठाकाठानं जेवढं होते तेवढं करा."

ती ढिवर समाजातली. ढिवर म्हणजे तळ्यावर जगणारे, मासे धरणारे, शिंगाडा लावणारे. बेशरम दक्षिण अमेरिकेतून आलेली. कोणी कुंपणाला लावली, कोणी हिरव्या खताला, आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ती वाढतच गेली. फुलं मात्र देखणी, फिकट जांभळी. तिनं काठ धरला की गाळ अडतो, तळ्यातली मूळची पाणवनस्पती मागे हटते, माशांना अंडी घालायला जागा उरत नाही. मरळ कमी झाली, बोटरी कमी झाली, हे बाईला कोणत्याही अहवालातून कळलेलं नव्हतं. तिच्या जाळ्यातून कळलं होतं. याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बायांना सोबत घेऊन बेशरम काढण्याचं आणि तळ्यात पुन्हा देशी पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे. त्या कामातली खरी विद्या बायांच्या हातात आहे. कोणत्या तळ्यात कोणतं गवत होतं आणि कोणता मासा त्याच्या आधारानं राहायचा, हे त्या सांगतात.

चौथ्या दिवशी एक मुलगा काठावर उभाच राहिला. पँट दुमडलेली, बूट हातात, पण पाय पुढं पडेना. शिक्षक रागावणार तेवढ्यात मी त्याच्याजवळ गेले. त्याचं घर धानाच्या शेतीचं. आषाढात रोवणीला आई दिवसभर बांधीत वाकलेली असते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्री ती त्यांत गोडेतेल सोडते. "आई म्हणते, शिकला तर चिखलात हात घालायची पाळी येनार नाई," तो म्हणाला. "अन् कॉलेजात आलो तर इथंही चिखलच."

या वाक्यानं मी गप्प झाले. शिबिरातली बहुतेक मुलं अशाच घरांतली होती. त्यांच्या घरात शिक्षण म्हणजे चिखलातून बाहेर पडण्याची वाट. त्यांना श्रमाचं महत्त्व भाषणातून सांगणं हा उद्धटपणा आहे. श्रम त्यांनी जन्मापासून पाहिले आहेत. न पाहिलेली गोष्ट वेगळी आहे. त्या चिखलात ज्ञान आहे, आणि ज्याच्या हाती ते आहे त्याला मान आहे, हे त्यांनी पाहिलेलं नाही. मी त्याला काही उपदेश केला नाही. बाईनं मात्र त्याला हाक मारली, "ये गा, तुले रोवन्याची सवय आहे, पाय कसा टाकाचा थे या पोरीले दाखव." चिखलात पाय सपाट टाकायचा नाही, आधी चवडा रुतवायचा आणि काढताना टाच आधी उचलायची. त्याला हे येत होतं. शहरातल्या मुली पडत होत्या, तो पडत नव्हता. त्या दिवशी दुपारपर्यंत तो रांगेच्या पुढं होता.

दुपारी जेवायला भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. गावातून कोणीतरी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली आणून ठेवली. काळ्या सालीचे, टोकदार. मुलांनी ते तळ्याच्या काठावरच सोलून खाल्ले.

हे तळं मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या ताब्यातलं. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत अशी 6 हजारांहून अधिक तळी आहेत, आणि त्यांतली बरीचशी कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात बांधली. एका तळ्याचं जास्तीचं पाणी सलंगावरून खालच्या तळ्यात, तिथून पुढच्या. शेताला पाणी सोडायचं ते तुडुमातून, आणि कोणाच्या बांधीला किती हे पाणकर ठरवणार. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारकडं आली आणि पाळीची माती दरवर्षी बघणारे हात हळूहळू कमी झाले. बौद्धिकात मी हेच सांगितलं. पण मुलांनी कान टवकारले ते कोलू पाटलाच्या गोष्टीला.

नवेगावबांधचा तलाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिलेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यानं बांधला असं मानतात. भोवतालचे सात डोंगर म्हणजे सातबहिणी. बांध घालताना त्यांनी कोलूला मदत केली, अशी श्रद्धा आहे. आणि तो कोलू पुढं देव झाला. कोलासूर देव म्हणून तलावाच्या बांधावर त्याचं ठाणं आहे. माती टाकणारा माणूस देव होतो आणि डोंगर हे त्याला टोपली उचलू लागणाऱ्या बहिणी असतात. या भागातली श्रद्धा मला इथं फार नेमकी दिसते. तिनं देवत्व दिलं ते पाणी अडवणाऱ्याला. एका मुलीनं विचारलं, "मग त्याला नवस काय करतात?" मला उत्तर माहीत नव्हतं. मागे बसलेले गावातले एक आजोबा म्हणाले, "पाळ फुटू नये, एवढंच मागाचं असते."

संध्याकाळची प्रार्थना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची, सामुदायिक. गोंदियाची महाविद्यालयं ज्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत त्याला महाराजांचं नाव आहे, आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा हा खंजिरीवाला माणूस देशभर फिरला. 41 अध्यायांच्या ग्रामगीतेत त्यांनी ग्रामशुद्धीलाही एक अध्याय दिला. मुक्ती आणि शेणखड्डा एकाच ग्रंथात बसवण्याचं धैर्य त्यांच्यात होतं. पहिल्या दोन दिवशी प्रार्थना कशी झाली ते मला शिक्षकांनी सांगितलं. कोणी चुळबुळत होतं, कोणी मोबाइल बघत होतं. मी पाहिली ती तिसऱ्या संध्याकाळपासून. शरीर खरंच दमलेलं असलं की मांडी घालून बसणं वेगळं होतं. तळहात गुडघ्यावर ठेवताना प्रत्येक हातावर फोड होते. मुलं गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यात कोणाची जबरदस्ती नव्हती.

त्या रांगेत सगळ्याच घरांतली मुलं होती. बौद्ध घरातली एक मुलगी प्रार्थना संपल्यावर डोळे मिटून मनातल्या मनात त्रिशरण म्हणायची, आणि तिच्या दोन्ही बाजूच्या मुली ती उठेपर्यंत उठत नसत. सालेकसा तालुक्यातून आलेला एक गोंड मुलगा दर माघ पौर्णिमेला घरच्यांबरोबर कचारगडच्या यात्रेला जातो. मुलांनी त्याला विचारलं, तुमच्यात नमस्कार कसा करतात? तो म्हणाला, "सेवा जोहार." मग जरा थांबून म्हणाला, "जय सेवा पण म्हणतो." बिल्ल्यावर ज्या योजनेचं नाव होतं तिच्यातला तो शब्द त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रामराम घालायला वापरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर बाई आली तेव्हा तिला पाच-सहा आवाजांत "सेवा जोहार" ऐकू आलं. ती ढिवर, गोंड नव्हे, पण ती हसली आणि तिनंही हात जोडले. याच तालुक्यात प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाचं ठाणं आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा शेजारी शेजारी आहेत. लोक दोन्हीकडं जातात. मुलांना यात नवल वाटत नाही, आणि वाटू नये.

शिबिरानं काठाचा किती भाग मोकळा केला? पाळीवरून पावलांनी मोजला तेव्हा शंभर पावलं भरली. तळ्याच्या मानानं थोडं. पण त्या शंभर पावलांत मुळीसकट निघालेलं झाड होतं, आणि गाळातून वेचलेले तुकडे. चौथ्या दिवसापासून गावातले दोन-तीन तरुणही उतरले. ते आधी पाळीवर बसून बघत होते.

समारोपाला पाहुणे येणार होते. व्हरांड्यात खुर्च्या मांडणं चाललं होतं, बाहेर गाडी येऊन उभी. मी शेवटचं एकदा तळ्याकडं गेले, तर तो धानकऱ्याचा मुलगा काठावर उकिडवा बसलेला. तिसऱ्या दिवशी, विळे चालत होते तेव्हाचा एक तुकडा चिखलात अर्धा रुतून राहिला होता. त्यानं तो उचलला आणि मला दाखवला. पेरापाशी दोन पांढरे ठिपके होते, मोहरीएवढे. मुळी फुटायला लागली होती.

"बाई बरोबर म्हनत होत्या," तो म्हणाला.

गाडीचा हॉर्न वाजला. तो उठला, पण गाडीकडं गेला नाही. तुकडा मुठीत धरून पाळ चढला आणि पलीकडच्या ढिगाकडं उतरला.