'क्रेडिट' म्हणजे पत, की कर्ज?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बँकव्यवहाराचा भाग शिकविण्यास आरंभ करताना मी फळ्यावर 'क्रेडिट' हा एकच शब्द लिहितो आणि त्याचा मराठी अर्थ विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तरे नाना प्रकारची येतात. कोणी 'जमा' म्हणतो, कोणी 'उधार'. एखादा 'पत' म्हणतो, तर चित्रपटांची गोडी असणारा 'श्रेय' सुचवितो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'श्रेयांक' हे उत्तरही हमखास येते. 'कर्ज' हे उत्तर मात्र क्वचितच ऐकू येते. विचारात पाडणारी गोष्ट नेमकी हीच आहे. कारण आज हा शब्द तरुणांच्या आयुष्यात प्रवेश करतो तो बहुधा कर्जाच्याच रूपाने.

या शब्दाचे मूळ विश्वास ठेवणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदात आहे. शब्दाच्या सर्व अर्थछटा या मुळाशी जोडलेल्या आहेत. दुकानदार माल देतो आणि पैशासाठी थांबतो, तो विश्वासावर. आपण बँकेत रक्कम ठेवतो, तीही विश्वासावर. म्हणून बँकेच्या वहीत ती आपल्या खात्याच्या 'क्रेडिट' बाजूस मांडली जाते. पहिल्या व्यवहारात देणेकरी आपण आहोत, दुसऱ्यात बँक देणेकरी आहे. ऋणाची दिशा सर्वस्वी उलटली, शब्द मात्र तोच राहिला. इंग्रजी भाषिकाला परंपरेने ही संदिग्धता पेलता येत असेल. पण हा शब्द जसाच्या तसा उचलताना आपण अर्थाबरोबर गोंधळही आयात केला आहे.

वस्तुतः मराठीची या बाबतीत मुळीच अडचण नव्हती. येणारी रक्कम ती 'जमा', ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या 'नावे' मांडायची ती रक्कम. वाण्याकडची 'उधारी', सावकाराचे 'कर्ज', आणि या सर्वांहून वेगळी अशी माणसाची 'पत'. आपल्याकडे 'ऐपत' आणि 'पत' हेही दोन वेगळे शब्द आहेत. ऐपत म्हणजे गाठीला काय आहे ते. पत म्हणजे लोक आपल्या शब्दाला काय किंमत देतात ते. ऐपत नसलेल्या माणसाचीही पत असू शकते, आणि ऐपतदाराची पत गेलेली आपण पाहतोच. पत राखावी लागते, कर्ज फेडावे लागते. क्रियापदेसुद्धा निराळी आहेत.

शब्दांतील हा भेद महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या दंग्यांना आरंभ झाला, तेव्हा शेतकऱ्यांच्या रोषाचे मुख्य लक्ष्य होते ते सावकारांकडील कर्जरोखे. आपण कशावर अंगठा उठविला हे त्या रयतेला वाचता येत नव्हते. पुढे 1879 मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला, आणि 1904 मध्ये सहकारी संस्थांचा पहिला कायदा आला. त्या कायद्याच्या नावातही 'क्रेडिट' होते. मराठीत त्या संस्था 'कर्जसंस्था' झाल्या नाहीत. 'पतपेढ्या' आणि 'पतसंस्था' झाल्या. हे नामकरण अत्यंत समर्पक होते. त्या कायद्याखालील ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादित असे. म्हणजे एकाच्या कर्जामागे सर्व सभासदांची पत उभी राही. हे काम किती कठीण होते, हे 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के, तर सावकारांचा सुमारे 70 टक्के होता.

आता आजचे एक उदाहरण. काही काळापूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरील एका ॲपवरून पाच हजार रुपये घेतले. प्रक्रिया शुल्क कापून हाती चार हजार दोनशे आले. 'तुमच्या खात्यात रक्कम क्रेडिट झाली आहे,' असा संदेश आला. वडिलांनी पाठविलेले पैसे आले की जो संदेश येतो, तोच. "सर, तेव्हा पैसे मिळाले असंच वाटलं," तो मला म्हणाला. बचत खात्यात जमा दाखविणाऱ्या त्याच क्षणी कर्जखात्यात त्याच्या नावे पाच हजार पडले होते. पण त्या दुसऱ्या नोंदीचा संदेश आला नव्हता. घरच्यांना हा व्यवहार कळला तो वसुलीचे दूरध्वनी येऊ लागले तेव्हा.

'क्रेडिट कार्ड' या शब्दप्रयोगाचेही असेच आहे. त्याला 'कर्जपत्र' म्हटले असते, तर किती जणांनी ते हौसेने खिशात मिरविले असते? वेळेवर संपूर्ण रक्कम भरणाऱ्यास ती निश्चितच सोय आहे. पण थकलेल्या रकमेवर महिना 3 टक्के आकार धरला, तर चक्रवाढीने वर्षाला तो 42 टक्क्यांवर जातो. 'दरमहा शेकडा तीन' हा दर आपल्या आजोबांच्या कानावरून गेलेला होता. त्या दराला ते सावकारी म्हणत.

याचा अर्थ जुने ते सारे सोने होते, असा मुळीच नाही. गावातील पत ही पुष्कळदा जात, जमीन आणि घराणे पाहून ठरे. भूमिहीनाला आणि एकट्या स्त्रीला ती सहसा मिळत नसे. 300 ते 900 च्या दरम्यान पत मोजणारा आजचा अंक निदान जात विचारीत नाही. 1992 पासून नाबार्डने स्वयंसाहाय्य गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, त्यातून असंख्य स्त्रियांना प्रथमच पत लाभली. मात्र ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याच्याविषयी हा अंक मौन पाळतो. आयुष्यभर कोणाचे पैसे न बुडविणाऱ्या माणसाला आपली पत सिद्ध करण्यासाठी आधी कर्ज काढावे लागावे, हा विपर्यास पत आणि कर्ज एकाच शब्दात कोंबल्याने सहज खपून जातो.

येथे प्रश्न भाषाशुद्धीचा नाही. 'बँक', 'चेक' हे शब्द आपण पचविले आहेत आणि त्यांनी कोणाचे नुकसान केलेले नाही. प्रश्न देणेकऱ्याला आपले देणे कळण्याचा आहे. किरकोळ कर्जांसाठी व्याज व शुल्के धरून वर्षाचा एकूण दर सांगणारे विवरणपत्र द्यावे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. नियम स्तुत्य आहे. परंतु त्या मराठी विवरणपत्रातही 'क्रेडिट सुविधा' असेच लिहिले जाणार असेल, तर केवळ लिपी बदलेल, आकलन नव्हे. बँकांनी कर्जाला कर्ज म्हणावे, आणि कर्जाची रक्कम खात्यात येताच 'आपल्या नावे इतके कर्ज पडले' असा संदेश धाडावा. यासाठी फारसा खर्च येणार नाही.

सुप्याच्या शेतकऱ्याला रोख्यावरील अक्षरे वाचता येत नव्हती. त्याचा पणतू आज पदवीधर आहे, त्याला अक्षरे येतात. त्याला शब्दाचा अर्थही कळावा, एवढीच अपेक्षा आहे.