घसारा : हिशेबाचा एक धडा

पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे व डिचोली तालुक्यात साखळी येथे शासकीय महाविद्यालये आहेत. तेथील वाणिज्य शाखेत कीर्द, खतावणी व तेरीज यांच्या पुढे गेल्यावर जे विषय भेटतात, त्यांत ‘घसारा’ विशेष मननीय आहे.

समजा, एका गृहस्थाने 20 लक्ष रुपयांचा ट्रक घेतला. तो 8 वर्षे चालून अखेर 4 लक्षांस विकला जाईल. म्हणजे 8 वर्षांत 16 लक्ष, अर्थात दरसाल 2 लक्ष रुपये झिजणार. डिझेल, दुरुस्ती व चालकाचा पगार वजा जाता वर्षाकाठी 3 लक्ष उरले, तरी खरा नफा 1 लक्षच होय. घसारा कोणास रोख मोजून द्यावा लागत नाही. म्हणूनच त्याचा विसर पडतो आणि भांडवलच नफा समजून खर्चिले जाते.

गोव्यातील खाणी 2012 साली व पुन्हा 2018 साली बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत कित्येक ट्रक दारात उभे राहिले. घसारा वहीत मांडल्याने ते संकट टळले नसते. परंतु तेवढी रक्कम दरसाल बाजूस ठेवणाऱ्याच्या गाठीस अशा वेळी काही तरी उरते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरच्या शिवणयंत्राचा किंवा पंपाचा घसारा एकदा मांडून पाहा.