घरी व्हील स्पेसर बसवताय? आधी नटाचे फेरे मोजा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे सुटलं ते थोडं भरलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. गाडीची चाकं बॉडीच्या आत गेल्यासारखी दिसतात, ती बाहेर आणायला व्हील स्पेसर घरच्या घरी बसवता येतात का? उत्तर द्यायच्या आधी एक प्रसंग सांगतो, कारण हे उत्तर मला रस्त्याच्या कडेला बसून मिळालं.

आमचं गाव पाली, बीडच्या जवळ, धुळे-सोलापूर हायवेला लागून, बिंदुसरा धरणाचं. मी नोकरीमुळे पुण्यात असतो, शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की गावी. मागच्या वेळी गेलो तर धाकटा चुलतभाऊ दारातच उभा. "दादा, गाडी बघ की! कशी रुंद दिसायली!" त्याच्या स्विफ्टची पुढची दोन्ही चाकं खरंच बाहेर आली होती. पठ्ठ्याने ऑनलाइन १० मिलिमीटरचे स्पेसर मागवले आणि आदल्या संध्याकाळी व्हिडिओ बघून अंगणात बसवलेसुद्धा.

मी म्हटलं, चल, चक्कर मारू. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि परत निघालो. घाट उतरताना पुढून आवाज यायला लागला. टक... टक... टक. वेग कमी केला की आवाजही हळू. म्हणजे चाकासोबत फिरणारा आवाज. घाट संपल्यावर एका धाब्याच्या आवारात गाडी घेतली, व्हील कॅप काढली आणि नटाला हात लावला. डाव्या चाकाचे चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून काकूला बीडला तपासणीसाठी न्यायचं होतं. आम्ही दोघंही काही वेळ काहीच बोललो नाही.

आता चूक कुठे झाली ते बघू. त्यातूनच स्पेसर बसवायची सगळी पद्धत समजते.

स्पेसर म्हणजे नक्की काय?

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची. दोन प्रकार असतात. पहिला साधा, पातळ: मूळ स्टडवर नुसता सरकवायचा, वर चाक, वर नट. दुसरा जाड, साधारण २० मिलिमीटर किंवा जास्त: तो आधी हबला वेगळ्या नटांनी घट्ट करायचा आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर बसवायचं.

रिमवर 'ईटी' आणि पुढे एक आकडा असतो, तो ऑफसेट. समजा ईटी ४५ आहे आणि १० मिलिमीटरचा स्पेसर टाकला, तर चाक ईटी ३५ सारखं वागतं, म्हणजे १० मिलिमीटर बाहेर येतं. दोन्ही बाजू धरून ट्रॅक २० मिलिमीटरने वाढतो. "गाडी रस्त्याला चिकटते" असं जे सांगतात ना, त्याचा हिशेब करा. छोट्या गाडीचा ट्रॅक साधारण दीड मीटर, त्यात २० मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. फरक पडतो तो दिसण्यात.

गावाकडच्या लोकांना ही कल्पना नवी नाही. ट्रॅक्टरची मागची चाकं उलटसुलट बसवून पिकाच्या ओळींप्रमाणे अंतर कमी-जास्त करतातच की. पण ट्रॅक्टर बनवणाऱ्यानेच ती सोय दिलेली असते. आपल्या कारमध्ये ती सोय आपण बाहेरून घुसवतो.

चाक कशाने धरलेलं असतं?

हा भाग नीट ऐका, बाकी सगळं यावरच उभं आहे. आपल्याला वाटतं चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीने रिम हबवर दाबली जाते. चाक धरून ठेवतं ते त्या दाबामुळे होणारं घर्षण.

किती दाब? १२ मिलिमीटरचा स्टड आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क धरला, तर पुस्तकी सूत्राने एका नटाला साधारण ४ टन. चार नटांचे मिळून १६ टनांच्या आसपास!

आणि हा दाब येण्यासाठी स्टड ताणला जातो किती? एका मिलिमीटरचा फक्त दोन-चार शतांश. डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आता विचार करा, हबवर गंजाचा पापुद्रा आहे, मातीचा कण अडकलाय, स्पेसरवर रंगाचा थर आहे. गाडी धावली की हे सगळं चिरडून बसतं. दोन-तीन शतांश जागा मोकळी झाली की ताण संपला, ताण संपला की दाब संपला, आणि मग नट सुटायला लागतो.

म्हणून स्पेसर बसवणं हे चकती सरकवायचं काम नाही. दोन पृष्ठभागांच्या जागी आता चार पृष्ठभाग आलेत, ते चारही स्वच्छ आणि सपाट ठेवायचं काम आहे.

बसवायच्या आधी चार तपासण्या

पहिली: नटाचे फेरे. ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. स्पेसर न लावता नट पूर्ण बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजा, मग स्पेसर लावून मोजा. आमच्या स्विफ्टचा स्टड १२ मिलिमीटरचा, आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर. मूळ फेरे आले ११. १० मिलिमीटरच्या स्पेसरने ८ फेरे खाल्ले. उरले ३! साधा नियम असा की स्टडची जेवढी जाडी, किमान तेवढी लांबी नटात गेली पाहिजे. म्हणजे आम्हाला जवळपास १० फेरे हवे होते. तीन फेऱ्यांवर आम्ही घाट उतरलो.

५ मिलिमीटरचा स्पेसर चालला असता का? ४ फेरे गेले असते, उरले असते ७. तेही कमीच. अशा वेळी लांब स्टड घालावे लागतात, आणि ते गॅरेजचं काम आहे.

दुसरी: मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा. स्पेसरचं भोक त्यावर अगदी नेमकं बसलं पाहिजे, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडावरही तेवढाच उंचवटा हवा, म्हणजे रिमसुद्धा मध्यावर बसेल. आमच्या सेटवर 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलं होतं. व्हर्नियर लावला तर भोक ६० च्या पुढे. स्टडची भोकंही लांबट, कारण वेगवेगळ्या मापांना बसवायची. सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच नीट बसत नाही. चाक केंद्रातून सरकलं की स्टिअरिंग थरथरतं.

तिसरी: पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. स्विफ्टला ४ स्टड, १०० मिलिमीटर. ४ स्टड आणि ९८ किंवा १०८ वाली रिमही असते, "जवळपासच आहे" म्हणून ठोकून बसवायची नाही.

चौथी, जाड स्पेसरसाठी: गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतात का? डोकावत असतील आणि रिमच्या मागे तेवढे खळगे नसतील, तर रिम सपाट टेकणारच नाही. नट घट्ट झाल्यासारखा वाटेल, पण तो दाब चुकीच्या जागी असेल.

चारपैकी एकही नापास, तर काम तिथेच थांबवा.

बसवताना

गाडी कोब्यावर किंवा डांबरी सपाट जागेवर घ्या. आपली काळी माती जॅक गिळते. दुसरा इलाज नसेल तर जॅकखाली जाड, रुंद लाकडी फळी ठेवा. हँडब्रेक लावा, पहिला गिअर टाका, आणि जे चाक उचलणार त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. गाडी विटांवर टेकवायची नाही, वीट सूचना न देता फुटते. जॅक स्टँड वापरा, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला. चाक काढल्यावर हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, कापडाने पुसा. रिमची मागची बाजूही तशीच. स्टडच्या आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, ऑइल लावलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.

स्पेसर हाताने बसवून बघा. डुगडुगतोय? मग अजून कुठेतरी घाण आहे. काढा, पुन्हा पुसा.

नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे तिरपे क्रमाने थोडे थोडे आवळा. गाडी खाली घेऊन शेवटचा टॉर्क द्या. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो, ठरलेला जोर आला की तो 'टक्' करतो. छोट्या गाड्यांना हा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पान्यावर उभं राहून आवळणं म्हणजे टॉर्क नव्हे. भावाने तेच केलं होतं, आणि तीन फेऱ्यांच्या आट्यांवर ६५ किलोंचा माणूस उभा राहिला होता.

जाड प्रकारात आधी स्पेसरचे आतले नट टॉर्कने घट्ट करायचे. त्या वेळी हब फिरू नये म्हणून एकाने ब्रेक दाबून बसायचं. मग चाक.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा आणि टायर कुठे घासत नाही ना ते बघा. मग चार माणसं बसवून पुन्हा तेच. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर लग्नाला निघालेल्या भरल्या गाडीत घासतो.

नंतरचे १०० किलोमीटर

८० ते १०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा टॉर्कने तपासायचे. जाड स्पेसर असेल तर चाक काढून आतले नटही. फोनमध्ये रिमाइंडर लावा. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन कोड चढवला की लगेच घरी जात नाही, लॉग बघत बसतो. हे तसंच.

आणि सगळं नीट केलं तरी एक किंमत राहतेच. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंगला झटका जास्त बसतो, आणि चिखल दारांवर उडतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणून पैसे घालवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवलेल्या बदलाची कुणी दया करत नाही. जर्मनीत स्पेसरला तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथले चांगले सेट एका ठरावीक मॉडेलसाठीच बनतात. 'सगळ्यांना चालेल' वाल्याला हे कधीच मिळणार नाही.

मग आमचं काय झालं?

धाब्याच्या आवारातच दोन्ही स्पेसर काढले, चाकं थेट हबवर बसवली आणि हळूहळू घरी आलो. सकाळी काकूला दुसऱ्या गाडीने नेलं. नंतर गॅरेजमध्ये बघितलं तर दोन स्टडच्या टोकाच्या आट्या सोलल्या होत्या. स्टड आणि नट बदलून घेतले.

भाऊ दोन दिवस रुसला. मग स्वतःच म्हणाला, "दादा, आवाज आला म्हणून कळलं. नसता आला तर?"

माझं मत विचाराल तर रोजच्या वापरातल्या, घरच्यांना नेणाऱ्या गाडीला दिसण्यासाठी स्पेसर लावू नका. चाक भरलेलंच हवं असेल, तर पैसे साठवा आणि कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापातली अलॉय घ्या. त्यात मधे तिसरा तुकडा नसतो. आणि ज्यांनी स्पेसर आधीच लावलेत, त्यांनी हा भाग संपला की खाली जा, एक नट काढा आणि फेरे मोजा. पाच मिनिटं लागतात.

किती भरले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा, आणि टक-टक आवाज आला तर गाण्याचा आवाज वाढवू नका, गाडी बाजूला घ्या.