रोजच्या प्रवाशाला अचानक ‘बोट लागते’ तेव्हा...

मोऱ्याहून सुटलेली सकाळची लाँच भाऊच्या धक्क्याच्या अर्ध्या वाटेवर असते. बाकावर बसलेला पन्नाशीचा एक प्रवासी रुमालाने कपाळ पुसतो, उठून कठड्याशी जातो आणि ओकतो. शेजारचा पाण्याची बाटली पुढे करतो. कोणी आलेपाकाची वडी काढते, कोणी ‘रिकाम्या पोटी आलात का?’ असे विचारते. खलाशी सवयीने सांगतो, ‘बोट लागली, धक्का आला की बरे वाटेल.’ बहुतेक वेळा तसेच होते. पण काही वेळा तसे होत नाही आणि तिथे गेलेला अर्धा-पाऊण तास महागात पडतो.

लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, यांनी 1841 मध्ये हा धक्का बांधला. तेव्हापासून पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसे नोकरी, बाजार, कोर्टकचेरी आणि दवाखान्यासाठी इथे उतरत आली आहेत. अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले, तरी मोऱ्याची लाँच बंद पडलेली नाही. ओहोटीला गाळामुळे ती कधी थांबते, पावसाळ्यात तिकीट वाढते, तरी माणसे येतातच. त्यातले अनेक जण वीस-वीस वर्षे हाच प्रवास करत आहेत. बोट लागण्याच्या बाबतीत हीच गोष्ट कळीची आहे.

मराठीत ऊन लागते, दृष्ट लागते, तशी गाडी आणि बोटही लागते. मळमळीला इंग्रजीत जो ‘नॉशिया’ म्हणतात, त्याचे मूळही जहाज या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. त्रास मात्र पोटात सुरू होत नाही, तो कानात सुरू होतो. कानाच्या आत, हाडात दडलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि चुनखडीचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या शरीराचा तोल आणि हालचाल मेंदूला कळवतात. लाँचच्या आतल्या बाकावर मोबाइलमध्ये डोके घातलेल्या माणसाचे डोळे सांगतात, ‘सगळे स्थिर आहे.’ कान सांगतो, ‘वर-खाली होते आहे.’ या विसंगत निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ, जांभया, थंड घाम, उलटी असा क्रम सुरू होतो. दोन्ही आंतरकर्ण निकामी असलेल्या माणसांना बोट लागत नाही, यावरून कानाचे महत्त्व कळते. साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ लयीतले वर-खाली डोलणे सर्वांत जास्त छळते. त्यात डिझेलचा धूर आणि मासळीचा वास मिसळला की बघायलाच नको.

मात्र मेंदू शिकतो. काही दिवस सलग प्रवास झाला की त्याला या डोलण्याचा अंदाज येतो आणि त्रास कमी होत जातो. ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनसारखे काही जण आयुष्यभर समुद्रावर राहूनही त्यातून सुटत नाहीत, पण ते अपवाद. ज्याला दहा-पंधरा वर्षांत लाँचमध्ये कधी मळमळले नाही, त्याला एखाद्या सकाळी अचानक ‘बोट लागली’, तर संशय बोटीवर नव्हे, शरीरावर घ्यावा. पावसाळ्यात खवळलेल्या पाण्यावर जुन्या प्रवाशालाही त्रास होऊ शकतो, पण तेव्हा आणखी चार जण कठड्याशी उभे असतात. पाणी शांत, बाकीचे पेपर वाचत किंवा पत्ते खेळत बसलेले आणि एकालाच दरदरून घाम, ही गोष्ट वेगळी आहे.

यात सर्वांत मोठी शंका हृदयविकाराच्या झटक्याची. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा मळमळ, उलटी, घाम आणि मंद नाडी हीच लक्षणे पुढे येऊ शकतात. छातीत दुखेलच असे नाही. मधुमेही, वयस्कर आणि विशेषतः स्त्रियांमध्ये छातीतल्या कळेऐवजी दम, जबडा किंवा हात भरून येणे, नुसता कमालीचा थकवा एवढेच असते. अनेकदा आधी सूचनाही मिळालेली असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो. भरतीला लाँच जवळजवळ धक्क्याच्या उंचीला असते, ओहोटीला मात्र बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. ‘ओहोटीला चढताना छाती भरून येते, भरतीला काही होत नाही’ असे जो म्हणतो, त्याचे दुखणे पायऱ्यांत नाही. त्याने त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

दुसरी शक्यता मेंदूच्या मागच्या भागातल्या पक्षाघाताची. गरगरणे, उलट्या आणि तोल जाणे हे सगळे बोट लागल्यासारखेच दिसते. उतरल्यावर काही वेळ जमीन हलल्यासारखी वाटते, त्यात नवल नाही. पण माणूस आधाराशिवाय उभाच राहू शकत नसेल, दोन-दोन दिसत असतील, जीभ जड झाली असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

तिसरी गोष्ट साधी आणि टाळता येण्यासारखी आहे. लाँच कोणासाठी थांबत नाही, म्हणून मधुमेही माणूस इन्सुलिन टोचून किंवा गोळी घेऊन न्याहारीविना निघतो. वाटेत साखर उतरते. घाम, थरथर, मळमळ, असंबद्ध बोलणे सुरू होते. शुद्धीवर असेपर्यंत साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपल्यावर तोंडात काहीही घालू नये.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. प्रोमेथाझिनची गोळी खेड्यापाड्यांतल्या एसटी स्टँडवरही माहीत आहे. कधीतरीच्या प्रवासाआधी ती चालते, पण गुंगी आणते. ती घेऊन धक्क्यावरून पुढे मोटारसायकल हाकणे धोक्याचे आहे. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊच नये, त्यांचा श्वास मंदावू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते. सिनारिझिन महिनोन्महिने घेणाऱ्या वयस्कर माणसांत कंपवातासारखा ताठरपणा आणि थरथर येते. मग त्यावर आणखी एक औषध सुरू होते, मूळ गोळी मात्र तशीच चालू राहते! नवख्या प्रवाशाने लाँचच्या मध्यभागी, उघड्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहिले आणि मोबाइल खिशात ठेवला, तर अनेकदा गोळीची गरज पडत नाही.

शंका आली की पाण्यावर असतानाच 108 ला फोन करावा, म्हणजे रुग्णवाहिका धक्क्यावर येऊन थांबेल. जे. जे. रुग्णालय तिथून फार लांब नाही. माणसाला बसवून किंवा आडवे करून ठेवावे आणि पायऱ्या चालत चढू देऊ नये. खुर्ची मागवावी किंवा चौघांनी उचलावे. कोणाच्या तरी पाकिटातली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याची घाई नको. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर ती घातक ठरते. अॅस्पिरिन चघळायला द्यायची, तर 108 वरच्या डॉक्टरला विचारूनच. तोल किंवा बोलणे बिघडलेले असेल, तर अजिबात नाही. आणि अपघात विभागात पोहोचल्यावर ‘लाँचमध्ये उलटी झाली’ एवढ्यावर थांबू नये. घाम किती वाजता फुटला, हा माणूस किती वर्षे हा प्रवास करतो आणि याआधी त्याला कधी बोट लागली होती का, हेही सोबतच्या माणसाने डॉक्टरला सांगावे.