आठ फूट बाय चार फूट बोरघाट

उतारवयात माणसाला काही ना काही नाद लागतो. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी ज्योतिष शिकतो, कुणी गच्चीत गुलाब लावतो. मला आगगाडीचा नाद लागला. तोही खऱ्या नव्हे, वीतभर डब्यांच्या आगगाडीचा. २००१ साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि महिन्याभरात डोंबिवलीच्या घरातल्या मागच्या खोलीतला पलंग काढून तिथे आठ फूट लांब, चार फूट रुंद असा प्लायवूडचा पाट ठोकला.

“अहो, पाहुणे आले की निजायचे कुठे?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता. “पाटाखाली,” हे माझे उत्तर तितकेसे रास्त नव्हते. शेजारीपाजारी ‘बँकेने सोडले आणि बालपणाने धरले’ असे म्हणू लागले. त्यांचेही फारसे चुकत नव्हते.

नाद लागला तो पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू केले. तिथे सिग्नल पडताना, सांधे बदलताना आणि गाड्या एकमेकींना वाट देताना पाहिल्या आणि मी खुळावलो. बरोबरची मुले बाहेर पडली तरी मी कठड्याला धरून उभाच!

या नादाचे घराणे जुने आहे. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मेर्कलिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीच्या आगगाड्या मांडल्या. पत्र्याच्या गाड्या त्याआधीही होत्या. मेर्कलिनची शक्कल अशी, की त्यांनी रुळांच्या रुंदीची मापे ठरवून टाकली आणि रुळाचे तुकडे सुटे विकले. यंदाच्या नाताळात इंजिन घ्या, पुढल्या नाताळात डबा, त्यापुढे एखादा सांधा. गिऱ्हाईक जन्माचे बांधले गेले! इंग्लंडात मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली आपल्या गाड्या काढल्या. लंडनमधल्या मोठ्या माणसांनी तर त्याआधीच, १९१० साली, या छंदाचा क्लब स्थापन केला होता. आणि हॅम्बुर्ग शहरात ब्राऊन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली जे छोटे जग उघडले, ते पाहायला देशोदेशींचे लोक जातात.

खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक असतो तो प्रमाणाचा. मी धरलेले प्रमाण एकास सत्याऐंशी. खरा डबा सुमारे एकवीस मीटरचा, माझा साडेचोवीस सेंटिमीटरचा. या प्रमाणात बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला एकोणीस मिलिमीटरहून थोडे अधिक हवेत. म्हणजे माझी देशी गाडी परदेशी रुळांवर धावते! एवढी गोष्ट वाचकांनी पोटात घालावी.

कुठला मार्ग करायचा, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझे बालपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मालगाडीचे गार्ड. तेव्हा बोरघाटच करायचा! कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि घाम फुटला. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. भागिले सत्याऐंशी, म्हणजे जवळजवळ तीनशे बावीस मीटर रूळ. माझ्या पाटावर एक फेरा मावतो तो सहा मीटरचा. लोणावळा गाठायला पन्नासांवर प्रदक्षिणा हव्यात.

चढाचे गणित आणखी अवघड. बोरघाटाचा कडक चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर डबा खालून जाण्यापुरती आठ सेंटिमीटर उंची लागते. आठ गुणिले सदतीस, म्हणजे तीन मीटर. निम्मा फेरा चढण्यात आणि निम्मा उतरण्यात! १८६३ साली हा घाट खुला झाला, तेव्हा तो बांधणाऱ्यांपुढे काय वाढून ठेवले होते, हे मला पाटापाशी कळले. पंचवीसएक बोगद्यांपैकी मी तीन ठेवले. दरी एक, पूल एक, स्टेशने दोन. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हेच या छंदातले खरे काम. बाकीचे काम फेव्हिकॉल करतो.

विजेने मात्र माझी फजिती केली. बारा व्होल्टचा प्रवाह दोन रुळांतून जातो. प्रवाह वाढवला की वेग वाढतो, उलटा केला की गाडी मागे येते. मी मोठ्या हौसेने लोणावळ्याला रूळ गोल वळवून पुन्हा त्याच रुळाला आणून जोडले. डावा रूळ उजव्याला भेटला, शॉर्टसर्किट झाले आणि ट्रान्सफॉर्मरने मान टाकली. मग पावसाळ्यात प्लायवूड फुगले आणि एका बोगद्यात गाडी रोज आडवी होऊ लागली. छंद म्हणजे विसावा, असे सांगणाऱ्याने छोटी रेल्वे बांधलेली नसावी.

डोंगर करताना मात्र मला कुणाचे पुस्तक उघडावे लागले नाही. दिवाळीतला किल्ला ज्याने केला आहे त्याला डोंगर काय शिकवायचा? गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचे, अळीव पेरायचे, मावळे उभे करायचे. इथे चिखलाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस, गोणपाटाऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि अळिवाऐवजी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, एवढाच काय तो फरक.

इंजिन आणले ते कामानिमित्त स्वित्झर्लंडला गेलेल्या भाच्याने. पुढे-मागे लांब नाकाडे आणि मध्ये खोली, असे ते तिकडचे ‘मगर’ इंजिन. बोरघाटात वीज आली तेव्हा याच घडणीची इंजिने आपल्याकडेही आली होती. त्यांतली काही तर स्वित्झर्लंडातच घडवलेली होती. आपले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. आज ती रुळांवरून गेली आहेत; दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र येथे मात्र पाहायला मिळतात.

२००२ च्या दिवाळीत घाट तयार झाला. अण्णा तेव्हा ऐंशी वर्षांचे, मोतीबिंदू काढल्यामुळे आमच्याकडेच राहायला होते. खरे सांगायचे तर या सगळ्या खटाटोपात त्यांना काहीतरी दाखवण्याची ईर्ष्या होती. माझ्या लहानपणी ऐन सणाच्या दिवशी अण्णा कायम ड्यूटीवर. दर वर्षी आम्ही भावंडे दारात किल्ला करायचो आणि दर वर्षी तो अण्णांनी पाहिलाच नाही, असे मी मनात धरून बसलो होतो. चाळीस वर्षे धरून बसलो होतो.

खोलीतले दिवे मालवले. इमारतीतली मुले जमली. खेकडा तिसऱ्या बोगद्यातून बाहेर पडला, चार डबे घेऊन दरीवरचा पूल ओलांडून कर्जतला आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खुर्चीत वाकून पाहत होते. शेवटचा डबा समोरून गेला आणि ते म्हणाले, “गाडी पुरी आलेली नाही.”

मी डबे मोजले. “अण्णा, चारही डबे आहेत.”

“ते तुला ठाऊक. स्टेशनमास्तरला काय ठाऊक? शेवटच्या डब्याला दिवा कुठाय?”

मी गप्प झालो. इंजिन आले म्हणजे गाडी आली असे आपण समजतो. रेल्वे तसे समजत नाही. रात्री शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला, दिवसा त्यावरची पाटी दिसली, तरच गाडी पुरी आली. नाही दिसली तर काही डबे मागे सुटून मार्गावर उभे असतील असे धरायचे आणि मागच्या गाडीला वाट द्यायची नाही.

मग अण्णा आपणहून बोलू लागले. असे ते क्वचितच बोलत. १९६१ ची दिवाळी. घाट उतरताना त्यांच्या मालगाडीचे कपलिंग तुटले. इंजिन अर्धे डबे घेऊन पुढे थांबले, अर्धे डबे आणि अण्णा मागे. त्यांनी हाताचा ब्रेक आवळला, चाकांखाली दगड लावले आणि कंदील घेऊन अंधारात रुळांवरून उलटे वर चालत गेले. मागून येणाऱ्या गाडीने सावध व्हावे म्हणून गार्डाजवळ फटाके असतात. ते रुळाला बांधायचे. चाकाखाली आले की बार होतो. आधी एक, मग आणखी पुढे जाऊन थोड्या थोड्या अंतरावर तीन.

“खाली कर्जतच्या बाजूला तुमचे फटाके उडताना दिसत होते,” अण्णा म्हणाले. “माझे मात्र उडू नयेत म्हणून देवाला हात जोडून बसलो होतो. नाही उडाले. उजाडता उजाडता घरी आलो. तुमच्या किल्ल्यावरचा एक मावळा आडवा झाला होता. तेवढा उभा केला आणि मग आंघोळीला गेलो.”

एवढे बोलून त्यांनी विचारले, “चहा होईल का?”

दुसऱ्याच दिवशी मी तांदळाएवढा लाल दिवा आणून शेवटच्या डब्याला बसवला. अण्णांनी तो पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, “आता घाट उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेक तपासत जा.” तेव्हापासून माझी गाडी लोणावळा सोडताना थांबते. पाहुण्यांना वाटते, बिघडली.

अण्णा २००७ साली गेले. गार्डाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, हे त्यांनी ऐकले असते तर हसले असते. पाट अजून मागच्या खोलीत आहे, पाहुणे अजून बाहेरच्या खोलीत निजतात. दर दिवाळीला इमारतीतली मुले येतात, दिवे मालवायला लावतात आणि कर्जत स्टेशनाशी नाक लावून बसतात. खेकडा आला तरी ती टाळ्या वाजवीत नाहीत. चौथ्या डब्यामागचा लाल ठिपका दिसला की मगच एकदम ओरडतात, “आली, पुरी आली!”